तेलाची पळी आणि कंबरेची टेप

मला स्वयंपाक करायला मनापासून आवडतो आणि केलेले चवीने खायलाही तितकेच आवडते, हे आधीच स्पष्ट सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते खाण्यावरचा राग म्हणून कोणी वाचू नये. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात लग्नकार्य असो, उन्हाळ्यातले सरगुंडे आणि कुरडया असोत की नवरात्रातला भंडारा असो, मला हमखास बोलावणे येते आणि त्याचा मला अभिमान आहे. गोवऱ्यांच्या आरात रोडगा कधी उलटायचा, पुरण कितपत आटवायचे, वांग्याच्या भाजीत गोडा मसाला नको आणि भाजलेले खोबरे हवे, हे ज्ञान मी आईकडून आणि आत्याबाईंकडून मिळवले आहे, आणि वजन वाढले म्हणून ते बाजूला ठेवण्याची माझी मुळीच तयारी नाही.

वजनाचा विषय घरात आला तो आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, टेपेमुळे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती त्या एका फॉर्मवर भरून घेतात. त्यात तंबाखू, दारू, व्यायाम, घरातले आजार यांच्यासोबत कंबरेचा घेरही विचारला जातो. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत असावी, अशी त्यातली पहिली पायरी आहे. ओसरीत उभी राहून मोजून घेतले तेव्हा माझा आकडा ८० च्या बराच पुढे निघाला. मग उपकेंद्रात साखर तपासली, पुढे तालुक्याला एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी, केली आणि ती ६.१ टक्के आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून मधुमेह, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले.

गावात अजूनही असा समज आहे की साखरेचा आजार शहरातल्या जाड माणसांना होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवून दिले आहे की भारतीय माणूस हातापायांनी बारीक दिसत असला तरी त्याच्या अंगात, विशेषतः पोटाभोवती, चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. म्हणूनच वजनकाट्यापेक्षा कंबरेची टेप आपल्याला अधिक खरे सांगते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. आमच्या गल्लीतल्या घरांकडे पाहिले तरी हे आकडे मला दूरचे वाटत नाहीत.

तालुक्याहून येताना आहाराचा एक छापील कागद मिळाला होता. त्यात सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन राइस, संध्याकाळी सॅलड आणि स्वयंपाकाला ऑलिव्ह तेल, असे लिहिले होते. तो कागद चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, पण तो आमच्या चुलीसाठी लिहिलेला नव्हता. ज्या घरात पाच माणसे एका पातेल्यातले जेवतात, तिथे एका बाईचे वेगळे शिजवणे चार दिवस चालते आणि मग बंद पडते. बदल करायचा तर तो त्या एकाच पातेल्यात करायला हवा, आणि तो अशा हाताने करायला हवा की खाणाऱ्याला ताटात काही कमी झाले असे वाटणार नाही. हे काम स्वयंपाक आवडणारी बाईच करू शकते, असे माझे ठाम मत आहे.

आधी थोडे श्रमाविषयी बोलले पाहिजे. आमच्या ताटाचा आकार ठरला तो जात्यावर दळणाऱ्या, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या आणि दिवसभर निंदणाला वाकणाऱ्या बायकांच्या भुकेवर. आता दळण चक्कीवर जाते, पाणी नळाला येते, तणनाशकाच्या फवारणीने निंदण पुष्कळ कमी केले आहे आणि शेतापर्यंतही गाडीवर बसून जाता येते. जाते गेले हे फार चांगले झाले. त्यात आमच्या आजीच्या पिढीचे खांदे गेले आणि ते दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. कापसाच्या वेचणीचे दिवस सोडले तर शरीराचा खर्च उतरला आहे; वाढणारी पळी मात्र तेवढीच राहिली.

त्या पळीतले तेल हाच माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. एक साधा हिशेब मांडते. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा पिपा दोन महिन्यांत संपत असेल, तर दिवसाला २५० ग्रॅम, म्हणजे माणशी ५० ग्रॅम तेल झाले. एका ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात, तेव्हा केवळ तेलातूनच प्रत्येकाच्या पोटात रोज ४५० किलोकॅलरी जातात. बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाकाठी २५ ग्रॅमच्या आसपास तेल पुरेसे मानले जाते. पिपा चार महिने पुरवायचा, एवढेच मी ठरवले. त्यासाठी पिप्यातून आठवड्याचे तेल एका बरणीत काढून ठेवते आणि पळीऐवजी चमचा वापरते. बरणीकडे पाहिले की आठवड्याचे कुठपर्यंत आले ते कळते. वहीत लिहिण्याची गरज पडत नाही.

आता कमी तेलात चव कशी राखायची, याचे उत्तर मला आमच्याच अंबाडीच्या भाजीने दिले. अंबाडीची पाने उकडून पाणी काढून टाकायचे म्हणजे जास्तीचा आंबटपणा जातो. मग शिजवलेली तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून ती चांगली घोटायची. इथपर्यंत भाजीत तेलाचा थेंबही नसतो. नंतर छोट्या कढईत तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण पार तांबूस होऊ द्यायचा, सुक्या लाल मिरचीचे तुकडे टाकून ती काळी पडण्याच्या आत कढई उतरवायची, आणि ताटात भाजी वाढल्यावर तिच्या मधोमध खळगा करून चमचाभर फोडणी वरून घालायची. घास घेताना जिभेला पहिल्यांदा हे तेलच लागते, म्हणून एक चमचा तीन चमच्यांसारखा वाटतो. तेच तेल आत मिसळून शिजवले असते तर भाजीत कुठल्या कुठे हरवले असते. आमचा गोळाभातही याच रीतीचा आहे: डाळीच्या भरड्याचे गोळे भातातच वाफेवर शिजतात, आणि हिंग-मोहरीचे तेल वाढताना वरून येते. वडाभातात वडे तळलेले असतात आणि त्यावर पुन्हा तेल असते, म्हणून वडाभात पाहुण्यांसाठी राखला आणि गोळाभात घरच्यांसाठी. जेवणात डाळीचा वाटा वाढला आणि भाताचा कमी झाला, ही त्यातली आणखी एक चांगली गोष्ट.

सगळ्यात अवघड ठरला तो पाटोडीचा रस्सा. वऱ्हाडात रश्श्यावरची तर्री म्हणजे घराची इभ्रत. पहिल्यांदा तेल कमी केले तेव्हा आत्याबाईंनी वाटीकडे पाहून विचारले, “तर्री नाही त भाजी कायची व?” त्यांचा प्रश्न योग्यच होता, कारण त्या रश्श्याला रंगही नव्हता आणि वासही नव्हता. मग मी तेलाऐवजी भाजण्यावर वेळ घालवू लागले. कांदा अख्खा निखाऱ्यावर भाजला, सुके खोबरे तव्यावर गडद होईपर्यंत कोरडेच भाजले, खसखस आणि धणे वेगळे भाजले, आणि हे सगळे बारीक वाटून थोड्या तेलात मंद आचेवर इतके परतले की खोबऱ्याचे स्वतःचे तेल कडेने सुटू लागले. तिखट तेव्हाच घातले आणि गरम पाणी ओतले. वर लाल तवंग आला. पातळ होता, पण आला. त्या दिवशी आत्याबाईंनी रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. खोबऱ्यातही स्निग्धांश असतो हे खरे, त्यामुळे तेही मोजूनच घ्यावे लागते. जवसाच्या चटणीचेही तसेच, कारण जवसात वजनाच्या साधारण ४० टक्के तेल असते. चांगले तेल आहे म्हणून ते वजनात धरले जात नाही, असे होत नाही.

ज्वारीविषयीही थोडे सरळ बोलायला हवे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते, आणि तेव्हापासून ज्वारीने वजन उतरते असे जो तो सांगू लागला आहे. १०० ग्रॅम ज्वारी आणि १०० ग्रॅम गहू यांतून मिळणारी ऊर्जा जवळपास सारखीच, ३३० किलोकॅलरीच्या आसपास असते. त्यामुळे चार भाकरी खाऊन कोणाचे वजन उतरणार नाही. तरीही मी भाकरीकडे परतले, त्याची कारणे वेगळी आहेत: पोळीच्या घडीत तेल लागते, भाकरीला लागत नाही, भाकर चावून खावी लागते, त्यामुळे जेवणाला वेळ लागतो, आणि भाकरीसोबत आपसूक पालेभाजी, वरण, झुणका येतो. ज्वारी ताटातून गेली ती आमच्या शेतातून गेली म्हणून. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीन आले, पाखरे आणि रानडुकरे राखायला माणूस उरला नाही, आणि स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ मिळू लागला. त्या धान्याने अनेक घरांतली भूक भागवली आहे, त्याला मी कधीच नावे ठेवणार नाही. पण पांढऱ्या तांदळाचा ढीग आणि पातळ वरण हे रोजचे जेवण झाले, तर मजुरीवरून थकून येणाऱ्या बाईचीही साखर वाढते. आम्ही आता धुऱ्याकडच्या तुकड्यात घरापुरती ज्वारी पेरतो. कडबा जनावरांना होतो.

चहाचे थोडक्यात सांगते. दिवसाला सहा कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हटले तर जवळपास ६० ग्रॅम साखर होते. मी कप अर्धे केले आणि साखर टप्प्याटप्प्याने एका चमच्यावर आणली. उपवासाची साबुदाण्याची उसळ मात्र जवळजवळ सोडली आणि भगर व ताक यांवर आले. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी उपवास आणि जेवणातली मोठी काटछाट डॉक्टरांना विचारूनच करावी, कारण साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

सण मी बदललेले नाहीत. पोळ्याला पुरणपोळी होते, पातळ पारीची, भरपूर पुरणाची आणि वरून तुपाची. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, कढी आणि ज्वारीची आंबील होते. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंब्याचा रस आणि शेवया होतात. त्या दिवशी मी मोजत नाही. बिघाड सणाने होत नाही, तो पुढे आठवडाभर डब्यातून निघत राहणाऱ्या उरलेल्या गोडाने आणि तळणाने होतो, म्हणून सणाचे सणालाच वाटून टाकते.

या उरण्याशीच एक गोष्ट जोडलेली आहे, जी कोणत्याही आहाराच्या कागदावर मला दिसली नाही. आमच्याकडे बाई शेवटी जेवते. ती एकटी बसते, भूक मरून गेलेली असते किंवा फार वाढलेली असते, आणि समोर पातेल्यांत थोडे थोडे उरलेले असते. अन्न टाकायचे नाही, म्हणून अर्धी भाकर, दोन पळ्या वरण, तळाचा भात असे सगळे ती संपवते. स्वयंपाक करताना चव पाहिलेली असते ते वेगळेच. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांचे वजन आवडीने खाल्ल्यामुळे वाढलेले नाही, ते असे उरलेले संपवल्यामुळे वाढले आहे, आणि त्या खाण्यात त्यांना चवीचा आनंदही मिळालेला नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून मी सगळ्यांसोबत ताट घेऊन बसू लागले. घरात पहिली अडचण गरम भाकरीची आली, कारण तव्यावरची भाकर थेट ताटात पडण्याची सगळ्यांना सवय होती. आता भाकरी आधी करून टोपलीत फडक्यात गुंडाळून ठेवते; उरलेली भाकर सकाळी कांदा-मिरची घालून फोडणीची होते किंवा म्हशीपुढे जाते. आत्याबाईंना अजूनही तव्यावरचीच हवी असते, तेव्हा त्यांची एक भाकर मी मुद्दाम शेवटी टाकते आणि ती त्यांच्या ताटात वाढून मगच माझे ताट घेते.