शनिवारी न फिरणारा घाणा

अलिबागला लोक समुद्र आणि कुलाबा किल्ला बघायला येतात. मी आलो होतो इस्रायल आळी, म्हणजे इथली ज्यूंची वस्ती बघायला. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस पाळणाऱ्यांकडे त्याच दिवशी कॅमेरा गळ्यात घालून जाणं बरं नव्हे, म्हणून रविवार धरला. मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बाहेरून पाहिलं आणि रिक्षा करून खंडाळ्याकडे निघालो. घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं खंडाळे.

इथल्या ज्यूंचा बेने इस्रायल समाज सांगतो की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून वाचले. सात पुरुष, सात बायका. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरलं ते तोंडी आणि अंगवळणी पडलेलं: शेमाची प्रार्थना, सुंता, खवले नसलेला मासा न खाणं आणि शनिवारची सुट्टी. कोकणात ते तेल गाळू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. महादेवासाठी सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेलीही होतेच. तेल कोणत्या वारी मिळणार नाही, हे गिऱ्हाइकाला पाठ असणार!

मला यात बैलाचं फार वाटतं. तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथामधली आज्ञा त्या दिवशी मालकाबरोबर चाकराला, परक्याला आणि बैल-गाढवालाही विसावा द्यायला सांगते. म्हणजे डोळ्यांना झापड लावून गोल गोल फिरणाऱ्या त्या जनावराला आठवड्यातून एक दिवस मोकळा. आमच्या देशावर बैलाला पोळ्याला पुरणपोळी, झूल, बाशिंग, सगळा थाट. पण वर्षातून एकदा. सुट्टीच्या दिवशीही ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठा दाखवत बसणाऱ्या माझ्यासारख्याने यातून काय घ्यावं, ते मी सांगत बसत नाही.

खंडाळ्याजवळ एलियाहू हनावीचा टापा आहे. खडकावरच्या खुणा म्हणजे संदेष्टा एलियाच्या रथाच्या नि घोड्यांच्या, अशी श्रद्धा. ठाण्याहून काही कुटुंबं नवस फेडायला आली होती. परातीत मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. आशीर्वचनं हिब्रूत, मधली कुजबुज अस्सल मराठीत, "अगं, केळी पुढे कर की!" झाडावरच्या फळाला वेगळं आशीर्वचन, जमिनीतून उगवलेल्याला वेगळं, सुवासालाही वेगळं. खाण्याआधी एवढं थांबायचं. मलाही आग्रहाने वाटी भरून दिली.

खाता खाता एका आजोबांना मी शब्बाथचं कौतुक ऐकवलं. ते हसले.

"अहो, घाणा स्वतःचा होता तोवर ठीक. आम्ही मुंबईत नोकरीला लागलो. शनिवारी हाफ डे. साहेबाला काय सांगणार?"

"मग?"

"शुक्रवारी संध्याकाळी आई दिवा लावायची. तेवढं चुकलं नाही. बाकी शनिवार ऑफिसचा."

१९४८ नंतर त्यांचे बरेच नातेवाईक इस्रायलला गेले. तिथे शनिवारी सुट्टी सरकारच देतं. आजोबांच्या बहिणीचं मात्र तिथे वेगळंच गाऱ्हाणं आहे म्हणे: दुकानं बंद, बस बंद, नि जायचं कुठे?