मुलींना विज्ञानाची आवड नसते का? तुम्ही विचारलंत म्हणून

दहावीचा निकाल लागला की कुणीतरी विचारतंच, "बाई, मार्कांत मुली पुढे, मग अकरावीला सायन्स घ्यायला मागे का? त्यांना आवडच नसते का?"

खेड्यातल्या शाळेत 21 वर्षं विज्ञान शिकवतेय. आवड असते, मी पाहिली आहे. आठवीच्या तासाला कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करताना एका मुलीने सुईच्या टोकावर कव्हरस्लिप, म्हणजे वर झाकायची पातळ काच, तिरकी धरली आणि इतकी अलगद सोडली की आत एक बुडबुडा राहिला नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाली, "बाई, विटांची भिंतच की!" घंटा झाली तरी उठेना.

तोवर माझ्या प्रयोगशाळेत उपकरणं मुलांच्या हातात असायची आणि अक्षर चांगलं म्हणून जर्नल मुलींकडे. तसे गट मीच पाडत होते. हाताला कामच मिळालं नाही तर गोडी लागणार कशी? त्या दिवसापासून उपकरणं आणि जर्नल आळीपाळीने सगळ्यांकडे द्यायला लागले.

पुढे त्या मुलीला दहावीला विज्ञानात 94 मिळाले. ज्युनिअर कॉलेज तालुक्याला. मुलींना बसचा पास फुकट आहे, पण प्रॅक्टिकल सुटतं साडेपाचला आणि गावाकडची शेवटची गाडी पाचची. शिवाय क्लासची फी घरात एकाचीच निघणार होती, ती भावाची निघाली. फॉर्म भरताना माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाई, मला आर्ट्सच आवडतं."

तुम्ही ज्याला आवड नाही म्हणता, ते हे वाक्य.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 मध्ये बाई म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. पण त्यांचे वडील आणि काका स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. माझ्या विद्यार्थिनीच्या घरात सायन्स म्हणजे नेमकं काय, हे सांगणारंही कुणी नव्हतं. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनेक घरांतल्या मुलींची इंजिनिअरिंगची फी सरकारने 2024 पासून माफ केली. फार चांगलं झालं. पण त्या फीपर्यंत पोचायला आधी बारावी सायन्स व्हावं लागतं, आणि ते अडलंय अर्ध्या तासावर.

गाडी पावणेसहाला सोडा, असा अर्ज 40 पालकांच्या सह्यांनी आगारात दिलाय. उत्तर आलेलं नाही. सोमवारी परत जाणार आहे.