शाळेच्या सहलीतलं वेरूळ, पुन्हा एकदा नीट

मराठवाड्यात शाळा शिकलेल्या कुणालाही विचारा, पहिली मोठी सहल कुठं गेली होती? शाळा लातूरची असो, परभणीची असो नाहीतर जालन्याची, उत्तर बहुतेक एकच येतं. देवगिरी म्हणजे दौलताबादचा किल्ला, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, पाणचक्की, आणि वेळ उरलाच तर पैठणचं उद्यान. पहाटे चारला शाळेसमोर लाल गाडी, डब्यात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आणि रात्री उशिरा परत.

त्या दिवसातलं आठवतं काय? देवगिरीच्या अंधारीतली, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेतली किंचाळी, वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणातला हत्ती आणि वानरानं पळवलेला डबा. आत काय कोरलंय ते कुणाला सांगता येत नाही, कारण पाहायला वेळच दिलेला नसतो. सहा ठिकाणं एका दिवसात बसवली की वेरूळच्या वाट्याला तासभर येतो. ३४ लेणी आणि एक तास!

म्हणून माझं म्हणणं असं, की ही ठिकाणं मोठेपणी परत पाहावीत. नवी यादी करायची गरज नाही, तीच जुनी यादी पुरते. फक्त दोन दिवस द्यावेत आणि क्रम उन्हाच्या हिशेबानं लावावा. देवगिरी पहिल्या दिवशी सकाळी, वेरूळ दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊपासून संध्याकाळपर्यंत, बाकीचं त्यात बसेल तसं.

वार आधी बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. सोमवारची सुट्टी जोडून मंगळवारी वेरूळच्या फाटकावर येणारी कुटुंबं दर हंगामात दिसतात, लेकरांचे चेहरे बघवत नाहीत. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र घृष्णेश्वराच्या गर्दीचे, आणि श्रावणातले शनिवार खुलताबादच्या भद्रा मारुतीचे. त्या दिवशी देवाला जायचं असेल तर जरूर जा, पण लेणी त्याच फेरीत पाहायचा हट्ट धरू नका. बुधवार ते शुक्रवार सगळ्यात निवांत. महिने सप्टेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये इथला काळा दगड दुपारी इतका तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही.

छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी साधारण १५ किलोमीटर आणि वेरूळ ३० किलोमीटरच्या आसपास. मध्यवर्ती बसस्थानकातून गाडी मिळते, चालक-वाहकाला थांब्याचं आधी विचारून घ्यायचं. स्वतःची गाडी असेल तर एक ध्यानात ठेवा, दौलताबादजवळ रस्ता जुन्या तटबंदीच्या दरवाजातून जातो. रविवारी आणि सणाला तिथं कोंडी होते, एकदा अडकलं की सकाळचा गारवा गेलाच. साडेसातच्या आत ते ओलांडायचं.

देवगिरी ऊन चढायच्या आत चढायचा. वर जाऊन येऊन अडीच ते तीन तास धरा, पायऱ्या साडेसातशेच्या घरात आहेत. माणशी दीड-दोन लिटर पाणी खालूनच घ्या. बूट मागे बंद असलेले, चप्पल नको. दर दोघांत एक बॅटरी हवी. मोबाईलचा उजेड चालतो, पण मग एक हात अडकतो आणि अंधारीत दोन्ही हात मोकळे असलेले बरे. खाण्याची पिशवी हातात लोंबकळती ठेवू नका, पाठीवर घ्या. वानरं पिशवी बघतात, माणूस बघत नाहीत.

सहलीतली पोरं पहिल्या दरवाजातून पळत सुटतात, आणि खरा किल्ला तिथंच सुटतो. दरवाजात उभं राहून पुढचा दरवाजा शोधा. तो समोर नसतो. वाट वळते, अंगण अरुंद होतं, मग दुसरा दरवाजा आडवा येतो. हत्तीला धाव घ्यायला जागाच राहू नये, म्हणून ही रचना. आता फळ्यांवरचे लोखंडी सुळे हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर का आहेत ते आपोआप कळतं. लेकरांना हे भाषण देऊन सांगू नका. ‘तू हत्ती आहेस, धडक कुठून मारशील?’ एवढं विचारा, ती स्वतः मागं-पुढं पळून उत्तर काढतात.

चाँद मिनार बाहेरूनच पाहायचा, ६० मीटरच्या वर उंच आणि पंधराव्या शतकातल्या बहमनी काळातला. समोरच्या भारतमाता मंदिराचे खांब निरखून पाहा, वेगवेगळ्या जुन्या देवळांतले खांब तिथं शेजारी उभे आहेत. मग चिनी महाल, जिथं गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान कैदेत होता. भिंतीवर निळ्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. मेंढा तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड आहे, तेवढ्यासाठी मागच्या बाजूला जा.

पण देवगिरीचं खरं आश्चर्य म्हणजे त्याचा तासलेला डोंगर. खंदकाच्या पुलावर थांबून वर बघा. नैसर्गिक उतार छिन्नीनं काढून टाकून सुमारे ५० मीटर सरळ कडा केलाय, सगळ्या बाजूंनी. चढायला एक खाचसुद्धा ठेवलेली नाही. बाराव्या शतकात यादवांनी इथं राजधानी का केली आणि १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाला दिल्ली सोडून हीच जागा का हवीशी वाटली, ते या पुलावर दोन मिनिटं उभं राहिलं की समजतं. बहुतेक लोक या पुलावर पाठ फिरवून फोटो काढतात.

पुढं अंधारी. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, वळणं आहेत, आणि वटवाघळांचा उग्र वास येतो. घाबरून पळायचं नाही, पडतात ते पळणारेच. एक हात भिंतीला, पाय चाचपडत, पुढच्या माणसापासून दोन पायऱ्यांचं अंतर. वटवाघळांवर प्रकाश मारू नका, ती उठली की मागच्यांची घाबरगुंडी उडते. दमा असेल किंवा बंद जागेची भीती असेल तर बाजूनं उघड्यावरच्या पायऱ्या आहेत, तिकडून जाण्यात काही कमीपणा नाही. वर बारादरी नावाच्या महालात वारा छान लागतो, डबा मात्र तिथं उघडू नका. आणखी वर जनार्दनस्वामींची जागा आहे. संत एकनाथांनी गुरूसाठी पैठणहून इथंवर यावं आणि गुरू किल्ल्याचा कारभार पाहणारे असावेत, ही गोष्ट त्या गडावर बसून आठवली की वेगळीच वाटते.

उतरल्यावर रस्त्याला पेरू आणि हंगामात सीताफळं मिळतात. सीताफळ डोळे उघडलेलं घ्या, घट्ट हिरवं घेतलं तर घरी पिकेपर्यंत काळं पडतं.

पहिल्या दिवसाची दुपार शहरात काढा. पाणचक्कीला अर्धा तास पुरे. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून उंचावरून पाडलंय आणि त्या जोरावर जातं फिरायचं, एवढं समजून घेतलं की झालं. मकबरा उन्हं उतरताना. संगमरवर कुठं संपतो आणि चुन्याचा गिलावा कुठं सुरू होतो ते हातभर अंतरावरून शोधा. खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी, मधला बराचसा भाग गिलाव्याचा.

दुसरा दिवस वेरूळचा. लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतात आणि दुपारनंतर ऊन आत शिरतं. सहलीच्या गाड्या दहा-अकराला येऊन थेट १६ नंबरवर, म्हणजे कैलासावर तुटून पडतात. म्हणून आपण एकतर साडेदहाच्या आत कैलास उरकायचा, नाहीतर दुपारी तीननंतर धरायचा. मला सकाळचा बरा वाटतो, अंगण गार असतं आणि आवाज नसतो.

कैलास आधी वरून पाहा. बाजूनं टेकडीवर चढायला वाट आहे, कठड्याच्या आत राहा, पावसाळ्यात शेवाळावरून पाय सरकतो. वरून मंडपाच्या छतावरचं मोठं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह दिसतात, खालून ते कधीच दिसत नाहीत. काम कसं झालं हेही इथंच उमगतं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, कारागिरांनी डोंगराच्या माथ्यावरून सुरुवात केली आणि कोरत खाली आले. कळस आधी, पाया शेवटी. परांची बांधायची नाही, दगड वाहून आणायचा नाही, पण एकदा उडालेली कपची परत बसवायचीही सोय नाही.

मग खाली अंगणात उतरा आणि देवळाला डावीकडून उजवीकडं फेरी घाला. जोत्यावर हत्ती आणि सिंहांची रांग आहे, जणू सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर उचललंय. रांगेतले हत्ती एकसारखे नाहीत, चार-पाच तरी सावकाश बघा. दक्षिणेच्या भिंतीवर रामायणाचा पट ओळीओळीनं कोरलाय. सेतूसाठी धोंडे वाहणारी वानरं त्यात शोधायला लेकरांना लावा, पंधरा मिनिटं ती गुंगून जातात. उत्तरेला महाभारत आहे.

याच दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतोय. हे शिल्प खोल कोनाड्यात आहे आणि घाईत चुकतं. डोळे सावलीला सरावेपर्यंत थांबा. आधी फक्त रावणाची पाठ आणि हात कळतात, हळूहळू वरची पार्वती दिसते, शंकराला बिलगलेली, आणि तिच्यामागं घाबरून पळणारी दासी. शंकर मात्र स्वस्थ आहे, पायाच्या दाबानंच डोंगर थोपवलाय. मोबाईलचा झोत मारला तर सगळं सपाट दिसतं, सावल्या मरतात. डोळ्यांनीच पाहा.

एक चूक जवळपास सगळे करतात. कैलास झाला की थकून परत फिरतात. त्याऐवजी तासभर सावलीत बसून खा. डबा लेण्यांच्या आत नको, वानरं येतात. अत्तर, सेंट लावून येऊ नका आणि धूर करू नका, कड्यांना आग्यामोहोळं लागतात. मग गाडीनं जैन लेण्यांकडं, ३० ते ३४. ती उत्तरेला किलोमीटरभराहून लांब आहेत, उन्हात चालत जाण्यात दम घालवू नका. ३२ नंबरला इंद्रसभा म्हणतात, पण हत्तीवर बसलेला तो इंद्र नव्हे, यक्ष आहे. वरच्या मजल्यावर अंबिकेच्या डोक्यावरचं आंब्याचं झाड पाहा, फळं आणि पानं वेगळी मोजता येतील इतकं ते नाजूक आहे. छताला रंगसुद्धा आहेत. पावसाळ्यात गेलात तर परतताना २९ नंबरजवळचा धबधबा मिळतो, काठावर मात्र जायचं नाही.

चारच्या सुमारास दक्षिणेकडच्या बौद्ध लेण्यांत या. १२ नंबर तीन मजली आहे, सगळ्यात वर सात-सात बुद्धांच्या ओळी. शेजारचं ११ नंबर ‘दोन ताल’ म्हणून ओळखलं जातं, पण मजले तीन आहेत, खालचा गाडलेला होता आणि १८७६ साली उघडा झाला. शेवट १० नंबरवर करा. दगडात लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात, म्हणून गावकरी त्याला सुताराचं लेणं म्हणतात. उन्हं कलली की दर्शनी खिडकीतून उजेड आत येतो. बोलू नका, टाळी वाजवू नका. आवाज हवाच असेल तर एकानंच हलका सूर लावावा आणि तो विरेपर्यंत बाकीच्यांनी गप्प राहावं.

आणखी एक सांगायचं राहिलं. सहलीत लेणी सगळ्यात कमी कुणी पाहिली असतील तर ती बाईंनी आणि गुरुजींनी. त्यांचा दिवस डोकी मोजण्यात गेला, बेचाळीस आले का, एक कमी कसा. त्यांच्यापैकी कुणी आता निवृत्त होऊन तुमच्याच गावात असतील तर त्यांना घेऊन जा. गुडघे दुखत असतील तर देवगिरी चिनी महालापर्यंतच करा. वेरूळला कैलासाचं अंगण जवळपास सपाट आहे, १० नंबरला थोड्याच पायऱ्या, १२ आणि १५ नंबर सोडून द्या, चढ जास्त आहे. घडीचं स्टूल सोबत ठेवा, आत बसायला जागा नसते. घृष्णेश्वराला पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगानं जावं लागतं, गुरुजींना आधीच सांगा म्हणजे सदऱ्याखाली बंडी आहे का याची चिंता नको. आणि रावणाच्या शिल्पासमोर स्टूल मांडून त्यांना बसवा, तुम्ही मागं उभे राहा.