सतरा दिवस एका रबरासाठी

स्विमिंग पूल हिवाळ्यासाठी बंद करायचा म्हणून नोव्हेंबरात परदेशी व्हिडिओ पाहिले. पाइपात हवा मारा, पाणी गोठू नये म्हणून औषध घाला. नागपूरचा नीचांक ३.५ अंश, तोही २९ डिसेंबर २०१८चा. इथे पाइप फुटत नाहीत. कचरा काढा, भिंती घासा, पीएच ७.२ ते ७.६, ऊन उतरल्यावर क्लोरीनचा जड डोस, रात्रभर पंप, मग ताडपत्री. झालं.

माझं अडलं बॅकवॉशला, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुण्याला.

वाळूचा फिल्टर धुऊन व्हॉल्व्हचं हँडल परत जागेवर आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी रोज दोन बोटं उतरायला लागलं. ठेकेदार आला, चप्पलही न काढता काठावरूनच म्हणाला, "तळाला तडा गेला भाऊ. रिकामा करा." आमची जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी, नंतर भेगाळणारी. म्हटलं, असेलही. पण जमिनीत पाणी वर असताना पूल रिकामा केला, तर खालच्या दाबाने टाइल्सच काय, अख्खी टाकी उचलली जाऊ शकते. ठेकेदाराचं काय जातं?

मी पंप बंद केला. पायरीवर भरलेली बादली ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीला. चोवीस तासांनी दोन्ही सारखंच उतरलेलं, जेमतेम, वाफ होऊन उडतं तेवढंच. म्हणजे तडा नाही. मग पंप लावून मागच्या नालीत वाकून पाहिलं, तर बॅकवॉशच्या पाइपातून करंगळीएवढी धार! व्हॉल्व्ह उघडला. आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं रबर एका आऱ्यावर फाटलेलं. हँडल मी पंप चालू असतानाच फिरवलं होतं. तेवढं कधी करू नका.

रबर सीताबर्डीच्या एका दुकानात सांगितलं. "येऊन राहिलं ना भाऊ, उद्या या." उद्या गेलो, परवा गेलो. मध्ये अधिवेशन सुरू झालं, मोर्चे, बॅरिकेड्स. गाडी लांब लावून पायी गेलो तर दुकानदार जेवायला गेलेला. नवव्या दिवशी एक रबर हातात आलं, घरी येऊन पाहतो तर दीड इंची व्हॉल्व्हचं. माझा दोन इंची. परत गेलो तर म्हणतो, "तुम्ही साइज सांगितलाच नाही." चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात 'दोन' लिहिलेलं होतं. जुनं रबर सोबत न्या, चिठ्ठीवर विसंबू नका.

तोवर पंप बंद, पाणी हिरवं. सतराव्या दिवशी रबर बसलं, क्लोरीन पुन्हा पहिल्यापासून.

ताडपत्रीखाली मधोमध ट्रकची हवा भरलेली ट्यूब सोडा, नाहीतर वर खळगा पडून पाणी साचतं आणि डास होतात. आणि शेजारी कडुलिंब असेल तर ताडपत्री मार्च संपेपर्यंत काढू नका. त्याची पानगळ तेव्हा असते.

मी अजून रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन नालीत वाकून येतो. बायको हसते. पाइप कोरडा आहे.