तिसरं वर्ष कुठे?

मागच्या महिन्यात माझ्याकडे शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने पाठदुखीच्या पेशंटच्या मणक्यावर बोट ठेवलं आणि तो तिथेच थांबला. ते थांबणं अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या एका छोट्या गावात फॅमिली मेडिसिनची प्रॅक्टिस करते. इथून दोन तासांवर कर्कस्व्हिल. 1892 मध्ये अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपॅथीचं जगातलं पहिलं कॉलेज तिथे काढलं. आपल्याकडे ऑस्टिओपॅथ म्हटलं की लोकांना हाडवैद्य आठवतो. इथला डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजातून पदवी घेतलेला, मात्र पूर्ण डॉक्टर असतो: औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो आणि वर दोनेकशे तास हातांनी तपासायचं आणि उपचार करायचं शिकलेला असतो. आज अमेरिकेतल्या मेडिकलच्या दर चार विद्यार्थ्यांमागे एक डी.ओ. कॉलेजात आहे. चाळीसहून जास्त कॉलेजं झाली आणि नवी निघतच आहेत. बहुतेकांना स्वतःचं हॉस्पिटल नाही. म्हणून तिसऱ्या वर्षाची मुलं माझ्यासारख्यांकडे चार-चार आठवडे येतात.

तर तो पेशंट. साठीचा शेतकरी, तीन आठवडे पाठ दुखतेय, दुसरीकडे दोनदा स्नायू सैल व्हायच्या गोळ्या मिळालेल्या. मी विद्यार्थ्याला म्हटलं, तू बघ, वाटलं तर हातांनी थोडं मोकळं करून दे. मी बाजूला संगणकावर नोंदी करत होते.

त्याने आधी हाताची पालथी बाजू पाठीवरून वरून खाली फिरवली, कुठे ऊब जास्त लागते का ते बघायला. मग दोन्ही अंगठे मणक्यांच्या दोन बाजूंना ठेवून एकेक मणका उतरत गेला. घाई नाही. कमरेपाशी आल्यावर त्याने मधल्या हाडावर बोटाने हलकेच ठोकलं. पेशंट दचकला. त्याने वरच्या मणक्यावर ठोकलं, खालच्या मणक्यावर ठोकलं, काही नाही. परत मधल्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "स्नायू मऊ आहेत. दुखणं हाडात आहे. मी इथे काही करणार नाही."

मग त्याने रात्री झोप लागते का विचारलं. लागत नव्हती. हात बघितले. तळव्यावर कुंपणाच्या तारेची महिन्यापूर्वीची जखम होती, मधे पू झाला होता म्हणे. ताप अगदी किरकोळ. शरीरात दाह आहे का ते दाखवणारी रक्तचाचणी, ईएसआर, नव्वदच्या वर आली, म्हणजे खूपच जास्त; संध्याकाळी एमआरआयमध्ये मणका आणि शेजारची चकती दोन्हींत जंतुसंसर्ग दिसला. पुढे रक्ताच्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस हा जंतू निघाला. तो मुलगा नसता, तर मी त्या माणसाला फिजिओथेरपीची चिठ्ठी देऊन पाठवलं असतं. हे लिहिताना मला जड जातंय.

मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं ठरलं. मी म्हटलं, फोन लाव आणि तिथल्या डॉक्टरला केस सांग. तो पांढरा पडला. वर्ष संपत आलं तरी त्याने पेशंट भरती केला नव्हता, राऊंडला केस मांडली नव्हती, कुणाला पेशंट सोपवला नव्हता. त्याचं मेडिसिन एका बाह्यरुग्ण दवाखान्यात झालं, सर्जरी डोळ्यांच्या केंद्रात. कॉलेजचा ज्या हॉस्पिटलशी करार होता तो मोडला, तेव्हा 'तुम्हीच डॉक्टर शोधा' असं मुलांना सांगितलं गेलं. त्याने एकट्याने तीसेक दवाखान्यांना फोन केले होते. फी मात्र पूर्ण भरली होती.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी ससूनच्या वॉर्डांत वाढलेली. इंटर्नशिपमध्ये एका रात्रीत जेवढे पेशंट भरती केले, तेवढे या मुलाने वर्षभरात पाहिले नव्हते. आपल्याकडे मेडिकल कॉलेजच्या सरकारी पाहणीच्या दिवसापुरत्या भरलेल्या खाटांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. इथे करारपत्रांवर काम भागतं आणि वर्गात दीडशे मुलं बसतात. डॉक्टर कमी आहेत हे खरं, आमच्या गावाला तर पदोपदी जाणवतं. पण इमारत दोन वर्षांत उभी राहते, शिकवणारा वॉर्ड नाही.

त्याच रात्री न्यू जर्सीहून भाचीचा फोन. हातात डी.ओ.चे दोन प्रवेश, एक जुनं कॉलेज लांबचं, एक नवं घराजवळचं, आणि शुक्रवारपर्यंत डिपॉझिट. तिच्या बाबांचं, म्हणजे माझ्या दादाचं, तिसरंच (इथे एम.डी. ही डॉक्टरकीची नेहमीची पहिली पदवी): "एम.डी. नाही तर कशाला? वर्षभर थांबू दे." मी दादाला सांगितलं, 2020 पासून एम.डी. आणि डी.ओ. दोघांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाला, एकच मान्यता आहे, ती भीती सोड. शिवाय 1 जुलै 2026 पासून नव्या मुलांना सरकारी कर्ज वर्षाला 50,000 डॉलरपर्यंतच, वरचे पैसे खासगी बँकेतून. म्हणजे फसलं तर महागात फसणार.

तिला मी एवढंच विचारायला लावलं: तिसरं वर्ष कुठे? त्या हॉस्पिटलात रेसिडेंट आहेत का? जागा कोण शोधतं, कॉलेज की विद्यार्थी? जेवढे वर्गात बसले त्यांतले किती चार वर्षांत बाहेर पडले? मॅचचा, म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळालेल्यांचा, आकडा उरलेल्या जागांच्या धावपळीआधीचा की नंतरचा? नव्या कॉलेजाची पहिली बॅच अजून बाहेरच पडलेली नाही, ते आकडा दाखवणार कुठून! 2022 पासून कॉमलेक्सच्या, म्हणजे डी.ओ.च्या परवान्याच्या परीक्षेच्या, पहिल्या टप्प्याला गुणही नाहीत, नुसतं पास-नापास. मग मुलाच्या हाती वॉर्डातलं काम आणि तिथल्या डॉक्टरांची पत्रंच उरतात.

नव्या कॉलेजने उत्तर दिलं, जागा ठरवणं चालू आहे. मी म्हटलं, जुन्यात जा. तिने सगळी हकिगत ऐकली होती. म्हणाली, "आत्या, मग त्या मुलाला ते बोट ठेवायला कुणी शिकवलं?"

त्याच्या त्याच कॉलेजने. दुसरं कुणी शिकवलेलं नव्हतं.

जाईपर्यंत त्याने चार पेशंट फोनवर सोपवले, चौथ्या वेळी मी खोलीतही नव्हते. त्याच्या मूल्यमापनाचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे. 'शारीरिक तपासणी'पुढे मी सगळ्यात वरचा शेरा लगेच टाकला. खालच्या ओळीत 'हॉस्पिटलमधलं काम' आहे. ते त्याला कुणी दाखवलंच नाही, त्याच्या नावावर कमी गुण कसे लावू? फॉर्म तसाच पडलाय.