उघडा चर

गल्लीत इतर कशालाही जमत नाही एवढी गर्दी खोदलेल्या चराभोवती जमते. सभेची नोटीस आठ दिवस फलकावर असते, तरी खुर्च्या रिकाम्याच. पण डांबराचा पहिला पापुद्रा उचलला गेला की तासाभरात दोन्ही काठांवर माणसं उभी. कुणी हात मागे बांधून, कुणी लेकराला कडेवर घेऊन. कुणाला पाइप फार बारीक वाटतो, कुणाला उगाच जाड. आणि घोळक्यात एक काका असतातच, ज्यांना जुनी लाइन कुठून गेलीय ते पक्कं माहीत असतं आणि ती नेमकी तिथे नसते.

या बघ्यांना रिकामटेकडे म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. गल्लीचा विकास म्हणून जो काही असतो, त्यातला महत्त्वाचा भाग याच आठ-दहा दिवसांत उघडा असतो. मग वर डांबर पडतं, फीत कापली जाते, फोटो निघतात, आणि खाली काय झालंय ते कळायला रस्ता खचण्याची वाट बघावी लागते. तेव्हा उभं राहून बघणं चांगलंच. फक्त नजर कुठे ठेवायची ते ठाऊक हवं.

बहुतेकांची नजर यंत्रावर असते. ती मातीवर हवी. उकरलेली माती फुगते. साधी माती मोकळी झाली की सुमारे सव्वापट जागा घेते. म्हणून काठावरचा ढीग चरापेक्षा मोठा दिसतो आणि 'एवढी माती आता परत मावायची नाही' असं कुणीतरी म्हणतंच. नीट दाबून भरली तर बारीक पाइपच्या चरात ती जवळजवळ सगळी मावते. बाहेरून वाळू किंवा मुरूम आणलेला नसताना बरीच माती उरली, तर खाली माती पोकळ भरलीय असं खुशाल समजावं.

यावर ठरलेलं उत्तर असतं, 'वर उंचवटा ठेवलाय, गाड्यांनी दबेल.' गाड्यांनी वरची वीतभर माती दबते. खालची तशीच भुसभुशीत राहते, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी झिरपलं की बारीक कण खाली सरकतात आणि माती बसते. रस्त्याच्या मधोमध लांबच लांब पन्हळ पडलेली दिसते ती यामुळे. लोक डांबराला शिव्या देतात; डांबर बिचारं फक्त खालच्या मातीबरोबर खाली गेलेलं असतं.

दाबायची रीत अवघड नाही, कंटाळवाणी आहे, आणि घोळ तिथेच होतो. माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरात टाकायची, थोडं पाणी मारायचं, धुम्मस (माती ठोकायचा जड ठोकळा) किंवा यंत्र फिरवायचं, मग पुढचा थर. सव्वा मीटर खोल चर धरा. तळाचा पाइपखालचा थर, पाइप, पाइपवरचं हाताने भरायचं ३० सेंटिमीटर आणि वरचा खडी-डांबराचा भाग सोडला, तर मध्ये असे तीनेक थर बसतात. म्हणजे त्याच चरावरून यंत्र तीन वेगवेगळ्या वेळी जायला हवं. एकदाच शेवटी आलं, तर ते फक्त वरच्या थराचं काम करून गेलं.

पाणी किती, हे मुठीत कळतं. माती मुठीत घेऊन घट्ट दाबायची. गोळा झाला, बोटांना पाणी लागलं नाही आणि अंगठ्याने दाबल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे झाले, तर ओल बरोबर. गोळाच होत नसेल तर माती कोरडी, कण एकमेकांत बसणार नाहीत. हाताला चिखल लागत असेल तर धुम्मस मारल्यावर ती गादीसारखी खाली-वर होते, दबत मात्र नाही. पाऊस पडून गेलेल्या दिवशी घाईघाईने भरलेले चर बहुधा असेच फसतात.

आता पाइप. तो चराच्या तळाला नुसता टेकलेला नको, त्याच्याखाली १० ते १५ सेंटिमीटर वाळू किंवा बारीक चाळलेली माती हवी. प्लास्टिकच्या पाइपखाली एक टोकदार दगड राहिला की वरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं वजन त्या टोकावर येतं. पाइप लगेच फुटत नाही, फुटतो तो वर्षा-दोन वर्षांनी, हमीची मुदत संपल्यावर. जोडाच्या जागी पाइपचं तोंड फुगीर असतं. तिथे खाली हाताने छोटा खळगा करावा लागतो, नाहीतर पाइप दोन जोडांवर टेकून मध्ये अधांतरी राहतो. हा खळगा करायला प्रत्येक जोडाला दोन मिनिटं लागतात आणि बहुतेक ठिकाणी तीच वाचवलेली असतात.

पाइपच्या दोन्ही बगलांना माती हाताने, दोन्हीकडून सारखी, ठासून भरायची. डोक्यावर ३० सेंटिमीटर भराव होईपर्यंत जड यंत्र नाही. त्याच उंचीवर रंगीत इशारा-पट्टी अंथरली तर पुढच्या वेळी खोदणाऱ्याचा फावडा आधी पट्टीला लागतो, पाइपला नाही. या पट्टीला खर्च असा काहीच नाही, आणि तरी ती विसरली जाते.

पाणी आणि सांडपाणी एकाच चरात शेजारी-शेजारी झोपलेली दिसली तर बघ्यांनी आवाज चढवायला हरकत नाही. पिण्याच्या पाण्याची लाइन वरच्या पातळीला आणि बाजूला हवी. पाण्याचा दाब गेला की पाइप आत ओढायला लागतो, आणि जोडाला बारीकशी फट असली तर बाहेरची ओल आत येते. आसपास मैलापाणी झिरपत असेल तर नळाला काय येईल ते सांगायला नको.

चर बुजवायच्या आधी परीक्षा होते, निदान व्हायला हवी. पाण्याच्या लाइनला दोन्ही टोकं बंद करून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात आणि काटा खाली येतो का बघतात. त्यासाठी जोड उघडे ठेवायचे असतात, म्हणजे कुठे ठिपकतंय ते डोळ्यांनी दिसतं. ड्रेनेजची परीक्षा आणखी मजेशीर. पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा जेमतेम बोटभर लहान असा गुळगुळीत चेंडू वरच्या चेंबरमधून सोडायचा. आत सिमेंटचा गोळा राहिला नसेल तर तो स्वतःहून खालच्या चेंबरमध्ये येतो. मग एका टोकाला टॉर्च, दुसऱ्या टोकाला आरसा. आरशात उजेडाचं पूर्ण गोल दिसलं तर लाइन सरळ. गोल अर्धं झाकलेलं दिसलं तर मध्ये पाइप बसलाय किंवा उठलाय, आणि तिथेच पुढे गाळ साठून तुंबणार. चेंडू गडगडत आला की काठावरची पोरं टाळ्या वाजवतात. मला वाटतं उद्घाटन खरं तर याच वेळी करावं.

वरचं काम सगळ्यांना दिसतं म्हणून त्यावर बोलणारे पुष्कळ. तरी दोन गोष्टी सुटतात. एक, चराच्या कडा. फोडलेली डांबराची कड वेडीवाकडी आणि खालून सैल झालेली असते. ती तशीच ठेवून नवं डांबर भरलं तर जोडातून पाणी शिरतं. कटरने सरळ रेषेत, दोन्ही बाजूंनी चराच्या बाहेर निदान १५ सेंटिमीटर जुनं डांबर कापून काढलं, उभ्या कडांना पातळ डांबर फासलं, की ठिगळ टिकतं. दुसरी, पातळी. जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा टाकायचा, असं होत राहिलं की दर वेळी रस्ता तीन-चार सेंटिमीटर वर येतो. पाच वेळा झालं की घराची एक पायरी जमिनीत गेली. मग पावसाचं पाणी रस्त्यावरून अंगणात येतं, चेंबरची झाकणं खड्ड्यात दिसतात, आणि लोक म्हणतात पाऊस वाढला. रस्ता करायच्या आधी फाटकापाशी भिंतीवर ऑइलपेंटने एक आडवी रेघ मारून ठेवावी आणि नंतर टेपने मोजावं. वाद घालायला याहून चांगला पुरावा नाही.

रस्ता गुळगुळीत झाला की आठवड्याभरात गाड्या सुसाट जायला लागतात आणि गतिरोधकाची मागणी येते. भौतिकशास्त्राचं १९२७ सालचं नोबेल मिळवणारे आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात याच कारणासाठी गतिरोधक आखले होते. पुढे १९७३ साली ब्रिटनमध्ये रस्त्यांवर संशोधन करणाऱ्या वॉट्स यांनी वेगवेगळे आकार तपासून जो सुचवला तो अजून जगभर चालतो: उंची १० सेंटिमीटर, आणि चालीच्या दिशेने लांबी सुमारे ३.७ मीटर. गोम लांबीत आहे. उंची तेवढीच ठेवून लांबी फूटभर केली की सायकलवाल्याची कंबर मोडते, आणि जोरात जाणारी मोटार मात्र धक्का चाकांवर घेऊन निघून जाते. म्हणजे शिक्षा चुकीच्या माणसाला. गल्लीत रातोरात उगवणारे उंचवटे बहुतेक या जातीचे असतात, आणि त्यांच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं ते वेगळंच.

झाडाचं मात्र कुणी नीट बघत नाही. मुळं खूप खोल जातात असा समज आहे. पोसणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत पसरलेली असतात, म्हणजे नेमकी चराच्या वाटेवर. खोडाला चिकटून चर गेला तर झाड त्या वर्षी हिरवंच राहतं. दोन-तीन पावसाळ्यांनी वाऱ्यात आडवं होतं, तेव्हा त्याचा चराशी संबंध कुणी जोडत नाही. झाडाजवळ यंत्र थांबवून हाताने खोदावं, मनगटाएवढी मुळं तोडू नयेत, पाइप त्यांच्या खालून न्यावा. आणि पेव्हर ब्लॉक खोडापर्यंत आणून वर सिमेंटची गोल कड करायची जी हौस असते, ती आवरावी. निदान मीटरभर चौकोन मोकळा सोडावा.

सगळं बुजण्याआधीचं शेवटचं काम बघ्यांपैकीच कुणीतरी करायचं असतं. टेप आणि कागद घ्यायचा. प्रत्येक व्हॉल्व्ह, जोड आणि वळण यांचं अंतर न हलणाऱ्या दोन खुणांपासून मोजून लिहायचं, म्हणजे एखाद्या इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून. विजेच्या खांबापासून नको, खांब हलवतात. झाडापासून नको, कारण वर सांगितलंच. दोन अंतरं असली की दोन दोऱ्या ताणून जागा सापडते. गणिताने जागा दोन निघतात, पण दुसरी इमारतीच्या आत असते. सोबत खोलीही लिहावी आणि उघड्या चरात टेप उभी धरून फोटो काढावेत.

व्हॉल्व्ह चालू झाला की तो पूर्ण बंद करायला चावीचे किती फेरे लागतात तेही त्याच कागदावर टिपावं. वर्षातून एक-दोनदा तो बंद करून परत उघडायचा, नाहीतर गंजून अडकतो आणि लाइन फुटलेल्या दिवशीच फिरत नाही. उघडताना फेरे मोजावेत आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघावेत. 'आमच्याकडे दाबच येत नाही' या तक्रारीत कितीदा तरी निम्म्यावर राहिलेला व्हॉल्व्हच सापडतो, आणि त्यासाठी तोवर अर्धी गल्ली पुन्हा खोदून झालेली असते.