समोरचा ‘क्लीन’ आहे हे ओळखायचं कसं?

महिन्या-दोन महिन्यांतून पुरुषांशी संबंध ठेवणारा एखादा पोरगा हा प्रश्न विचारतोच: “दादा, समोरचा क्लीन आहे हे कसं ओळखायचं?” क्लीन म्हणजे एचआयव्ही नसलेला.

ओळखता येत नाही. ना अंगकाठीवरून, ना इंग्रजीवरून, ना बोटातल्या लग्नाच्या अंगठीवरून. “मी बायकापोरांवाला आहे, मला कसलं काय होणार,” हे मी ऐकलंय. आणि कुठल्या प्रसंगी ऐकलंय ते तुम्हीच समजून घ्या.

मुळात या ‘क्लीन’ शब्दाशीच माझं वाकडं आहे. म्हणजे ज्याला एचआयव्ही आहे तो मळलेला? माझा एक मित्र गेली कित्येक वर्षं रात्री जेवण झालं की गोळी घेतो. चाचणीत सापडणार नाही इतका विषाणू त्याच्या रक्तात दबलेला आहे. तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून त्याच्याकडून कुणालाही लागण होत नाही. आणि अ‍ॅपवर ‘ओन्ली क्लीन’ लिहिणाऱ्याला शेवटची चाचणी कधी केलीस म्हणून विचारा, तो ब्लॉक करतो. आता यातल्या कुणाची भीती वाटायला हवी?

माझंही काही वेगळं नव्हतं. पहिल्या चाचणीला मी दोन वर्षं टाळाटाळ केली. रोगापेक्षा प्रश्नांची धास्ती जास्त. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा जिवंत केलं होतं. सरकारी दवाखान्यात बसून ‘पुरुषांशी’ म्हणायचं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच वाटायचं. डोंबिवलीत कुणी बघेल म्हणून थेट दादरला उतरलो. आयसीटीसीतल्या, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रातल्या, बाईंनी रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं, “बायकांशी, पुरुषांशी, की दोघांशी?” चहा की कॉफी विचारावं तसं. मला रडूच यायचं बाकी होतं. पैसे पडले नाहीत, नातेवाइकांना कळलं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये ३७७ची धार गेली आणि चारच दिवसांनी एचआयव्हीचा कायदा लागू झाला. आता संमतीशिवाय चाचणी करणं किंवा निकाल परस्पर तिसऱ्याला सांगणं बेकायदा आहे.

तरी कंडोमवरून अजून रुसवेफुगवे होतात. “माझ्यावर भरवसा नाही का?” भरवशाचा काय संबंध? शिवाय ज्यांच्याकडे कंडोम असतो त्यांच्याकडे उशाशी खोबरेल तेलाची बाटलीही असते. तेलाने कंडोमचं लॅटेक्स कमकुवत होतं आणि ऐन वेळी फाटतं. तेल नसलेलं, पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) जेल मेडिकलमध्ये मिळतं, मागताना कान लाल होतात एवढंच. फाटलंच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठायचा. जितक्या लवकर तितकं बरं. लागण टाळायला २८ दिवसांच्या गोळ्या असतात. संबंधांआधीपासून घ्यायच्या गोळ्या, म्हणजे प्रेप, वेगळ्या. त्याही आपल्याकडे मिळतात, पण त्या सुरू करायच्या आधी चाचणी लागते.

परवाच्या पोराला यातलं बरंचसं सांगितलं. तो म्हणाला, “मग समोरच्याला विचारू काय?”

“शेवटच्या चाचणीची तारीख. आणि तुझी सांग.”

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं: “माझी नाहीये.” आणि थोड्या वेळाने: “दादरचं ते कुठे आहे म्हणालात?”